चुन्याच्या खणात

बापू प्रेसमधून यायचे तेव्हा
सायकलच्या घंटीआधी वास यायचा,
रॉकेल, शाई आणि काहीतरी थंड.
गांधीबागेतल्या बोळात बावीस वर्षं
डोमाजी गणवीर, जुळारी,
उभ्यानं शब्द वेचत होते
डाव्या हातातल्या पट्टीत, उलटे.
शर्ट मी झटकायची, अंगणात.
धूळ करडी, अगदी हलकी,
उन्हात दिसायची, मग दिसायची नाही.

मालक महिन्याला पावशेर गूळ द्यायचा.
'यानं शिसं उतरतं,' म्हणे.
उतरलं नाही. बापूंच्या वरच्या हिरड्यांवर
निळीकाळी रेघ आली, शिरोरेघेसारखी,
आणि तिला लटकलेले दात.

कानात शिसं ओतायची शिक्षा
आपल्यासाठी कुणी लिहून ठेवली होती,
हे त्यांनीच मला सांगितलं, हसत.
'ते शिसं आता आपण बोटानं उचलतो, पोरी.
ऑक्टोबरातली सगळी पत्रकं मी जुळवली.'
खरंच होतं ते.
आणि हेही, की शिशाला
कानाची गरज नव्हती.
बोट पुरे. बोटाला लागलेली भाकर पुरे.

आता मी लॅबमध्ये आहे, मेडिकल चौकाजवळ.
रक्तात ते महिनाभर असतं, मग जागा शोधतं.
हाड म्हणजे मोठी केस, खणाखणांची.
शिसं चुन्याच्या खणात जाऊन बसतं
आणि हाडाला कळत नाही.
चेहरा जवळचा;
खिळा चुकीचा, ओळ मात्र जुळते.
वीस-वीस वर्षं कुणी प्रूफ पाहत नाही.

मग ही पोटात आली.
सहाव्या महिन्यात चुना मागायला लागली.
हाडांनी खण उपसले,
होतं ते दिलं.
अंगणातली ती धूळ.
नाळ काही वाचत नाही, नुसती पोचवते.

प्रेस बंद झाली. खिळे किलोवर इतवारीला गेले.
मागचा तुकडा, जिथं फर्मे धुतलेलं पाणी फेकायचे,
तिथं भाऊराव ढोमणे सांबार लावतात आणि पालक.
मातीचा नमुना मी नेला होता.
सगळं वरच्या वीतभरातच.
खाली फारसं झिरपत नाही, कुजत नाही,
माती सोडत नाही,
शेणखत घातलं तर आणखीच घट्ट.
मुळं थोडं घेतात, पानांवर धूळ बसते.
आकडा सांगितला.
'हिरवागार हाये नं बाप्पा,' भाऊराव म्हणाले,
'यात कायचं शिसं? तुमीच पाहा.'
मी पाहिलं. हिरवागार होता.

पोट्टी वाफ्याच्या कडेला उकरत होती.
मूठ तोंडाशी जाताना मी धरली, उघडली.
खिळा.
ळ, उलटा, खाचांत माती भरलेला.
बापू असते तर अंगठ्यानं चाचपून म्हणाले असते,
सोळा पॉइंट, मजकुरातला.

अक्षर म्हणजे जे झिजून संपत नाही.
शाळेत हे मला फार आवडलं होतं.

गटारात टाकावा तर पुढं नाग नदी.
भंगारात द्यावा तर बॅटरी,
आणि ती फोडणारा कुणाचा तरी पोरगा.
मातीत परत, तर भाऊरावांचा सांबार.
हिचे हात धुतले, नखं, पुन्हा हात.
रडत होती, माझं आहे ते, मला दे.

रुमालात बांधून घेतलाय.
बसमध्ये ती मांडीवर झोपली आहे.
एवढासा आहे, पण जड,
आणि मघाशी गार होता.